घोंगडीतलं पित्त

आमच्या घरात दुखण्याचं नाव आधी ठरलेलं असतं, दुखणं मागाहून येतं. नाव एकच, पित्त. डोकं दुखलं, पित्त. पोटात कळ आली, पित्त. आमच्या ह्यांनी दुकानातून येऊन उगीच माझ्यावर आवाज चढवला, तर तेही पित्तच. 'बोलू नको त्याला, पित्त झालंय,' असं सासूबाई मलाच समजावणार. सासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणतं. त्या उदगीरकडच्या. घरातलं सगळं दवापाणी त्यांच्या हातात, आणि डॉक्टरला त्यात पाहुण्याइतकाच मान. डॉक्टरनं पित्त म्हटलं तर डॉक्टर हुशार, दुसरं काही म्हटलं तर तो नवशिका.

मी नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा माहेराहून दोन गोष्टी आणल्या, तिखट हात आणि तिखट जीभ. पहिलीचं कौतुक झालं. दुसरीचं अजून व्हायचंय.

आमचं घर मोंढ्यामागच्या गल्लीत. अप्पा, म्हणजे माझे सासरे, यांनी मोंढ्यात चाळीस वर्षं डाळीचा व्यापार केला. आता दुकान आमचे हे बघतात आणि अप्पा घरी बसून ते कसं चुकीचं बघतात हे सांगतात. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात क्लासच्या मुली भाड्यानं. लातुरात अर्धं गाव बाहेरून आलेल्या पोरांना शिकवतं आणि उरलेलं अर्धं त्यांना जेवू घालतं. मी दुसऱ्या अर्ध्यातली. रोज चोवीस डबे. ज्वारीची भाकरी, एक कोरडी भाजी, चिंच घातलेलं तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. पोरं-पोरी दारात येऊन डबा नेत आणि रिकामा डबा परत देताना 'काकू, चटणी वाढवा' म्हणत. कोणी चांगलं शिजवतेस म्हणावं यासाठी मी अकरा वर्षं या घरात वाट बघितली होती, आणि ते म्हणाली कोण, तर हिमायतनगर, धर्माबादहून आलेली परक्यांची लेकरं. या घरात भिंतीवरचं घड्याळसुद्धा माझं नाही. डबे मात्र माझे होते.

अप्पांची गावात दोन गोष्टींसाठी ओळख. एक त्यांची डाळ, दुसरी त्यांची पूजा. आमच्या लिंगायतांत गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन, त्यावर नजर लावून बसतात. अप्पा बसले की अर्धा-पाऊण तास पापणीसुद्धा हलायची नाही. लोक बघायला यायचे. 'अप्पांच्या अंगावरून साप गेला तरी हलणार नाहीत,' असं गल्लीत कोणीतरी कधीतरी म्हणालं होतं, आणि अप्पांनी ते ऐकलं होतं. तेव्हापासून ते जास्तच हलेनासे झाले, असं मला वाटतं. हे मी मोठ्यानं कधी म्हटलं नाही.

आता मांजर. डाळीच्या घराला मांजर लागतंच, उंदीर असतात. दिवाळीनंतर एक करडी मांजरी आपण होऊन आली आणि अप्पांच्या मांडीवर जाऊन बसली. अप्पा माणसांना लवकर जवळ करत नाहीत, पण तिच्यासाठी रोज वाटीभर दूध बाजूला काढू लागले. महिन्याभरात तिनं बैठकीतल्या दिवाणावर तीन पिल्लं घातली. दिवाणावर काय होतं, तर अव्वांची घोंगडी.

ही घोंगडी म्हणजे अव्वांचं माहेर. काळी, जाड, खरखरीत. त्या तिला कंबळी म्हणतात. पूजेला आसन म्हणून तीच, थंडीत पांघरायला तीच, आणि अंगावर पित्त उठलं की इलाज म्हणूनही तीच. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. अंगावर लाल गांधी उठल्या की आमच्याकडं गेरू पाण्यात उगाळून त्यावर फासतात आणि माणसाला घोंगडीत गुंडाळून बसवतात. लोकर अंगाला घासली की पित्त उतरतं म्हणे. मांजर बाळंत झाली म्हणून अव्वांनी घोंगडी धुतली का? नाही. लोकर धुतली की तिचा गुण जातो. त्यांनी ती झटकली, पिल्लांना खाली एका गोणपाटावर ठेवलं आणि घोंगडी घडी करून परत दिवाणावर. मांजरी संध्याकाळपर्यंत पिल्लांसकट परत घोंगडीवर.

पंधरा दिवसांनी अप्पांच्या पायांवर लाल ठिपके उठले. घोट्याजवळ, एका ओळीत तीन, जरा वर अजून तीन. मधोमध बारीक टोचल्याची खूण. अप्पा काही बोलले नाहीत, धोतर खाली ओढून बसले. पण अव्वांच्या नजरेतून काय सुटतंय!

"पित्त उठलंय तुम्हाला," अव्वा म्हणाल्या. "मी सांगतच व्हते, चिंच लई व्हायलीय या घरात."

चिंच म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं.

गेरू उगाळला, अप्पांच्या पोटऱ्या रंगवल्या, आणि त्यांना घोंगडीत गुंडाळून बसवलं. दुसऱ्या दिवशी ठिपके गुडघ्यापर्यंत. अव्वा म्हणाल्या, आतलं बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. परत गेरू, परत घोंगडी, या खेपेला गळ्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी पाठ, कंबर, दंड. चौथ्या दिवशी अप्पा मारुतीसारखे लाल दिसत होते आणि तरी घोंगडीत बसून होते. इलाज जितका कडक तितकं दुखणं वाढायचं, आणि दुखणं वाढलं की इलाज अजून कडक. मीही त्यात सामील होते, हे कबूल करते. गेरू मीच उगाळत होते.

मग खाण्यावर संक्रांत आली. आधी चिंच बंद. मग तिखट. मग वांगं, मग शेंगदाणे. एवढं करूनही पित्त उतरेना तेव्हा अव्वांनी जाहीर केलं, तुरीची डाळ पित्तकर. ज्या घरानं चाळीस वर्षं तुरीच्या डाळीवर भाकरी खाल्ली, त्या घरात तुरीचं वरण बंद! अप्पांनी निदान या एका गोष्टीवर तरी तोंड उघडावं असं मला वाटलं होतं. ते उघडलं नाही. दुधी भोपळा आणि मूग खाऊन गप्प बसले. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आई म्हणते तसं करून बघायला काय जातंय?" ह्यांचं काही जात नव्हतं. हे दुपारचं जेवण दुकानाशेजारच्या हॉटेलात करत होते.

मांजरी खाजवत नव्हती का? अहो, दिवसभर खाजवत होती! मागचा पाय कानामागं आणि खरखर खरखर. मान चावत होती, पाठ चावत होती, तिची शेपटीजवळची लव झडून गेली होती. आम्ही चार मोठी माणसं ते बघत होतो. अव्वा म्हणाल्या, "घरातलं खाऊन तिला बी पित्त झालंय." आणि मांजरीला गेरू लावला. देवाशप्पथ सांगते, लावला. लाल मांजर चार दिवस घरभर फिरत होतं.

शेवटी अप्पांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं बाही वर करून एक हात बघितला, ॲलर्जी सांगितली आणि गोळ्या दिल्या. ॲलर्जी म्हणजे कशाची, हे विचारलं तर म्हणाले, कशाचीही असू शकते. खाण्यातलं एकेक बंद करून बघा. झालं! अव्वांना डॉक्टर त्या दिवसापुरता हुशार वाटला.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण अव्वांचा जीव दयाळू. वरच्या खोलीत हिमायतनगरची एक मुलगी राहायची, डॉक्टर व्हायच्या परीक्षेची तयारी करणारी. तिला थंडी वाजते म्हणून अव्वांनी दोन दिवस घोंगडी तिला पांघरायला दिली. तिसऱ्या दिवशी पोरगी हातपाय खाजवत खाली आली. पिसूचं शास्त्रीय नाव, तिचा वर्ग, तिला पंख किती आणि पाय किती, हे सगळं त्या पोरीला पाठ होतं, हे मला पुढं कळलं. पण पिसू पुस्तकाबाहेरही असते हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. अव्वांनी तिच्याही हाताला गेरू लावला. पोरगी तशीच क्लासला गेली. तिथं मैत्रिणींनी विचारलं, ती म्हणाली, पित्त आहे. काय खाल्लंस? काकूंचा डबा.

एवढंच. पुढं कोणाला काही करावं लागलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक काकू राहतात. त्यांच्याकडं सहा पोरं भाड्यानं. त्यांनी सहा डबे एकदम बंद केले. मला सांगितलंसुद्धा नाही, पोरं आलीच नाहीत. मी सहा डबे भरून दारात उभी. मग पाच, मग अजून चार. आठवड्यात चोवीसाचे नऊ झाले. राहिलेल्या नऊ पोरांतला एक डबा घेताना वास घेऊन बघायचा. त्याचा मला जितका राग आला तितका अव्वांचाही आला नव्हता. मी परातीत पीठ घेऊन बसायचे आणि किती घेतलं हे विसरून जायचे. नऊ डब्यांचा अंदाज हाताला माहीतच नव्हता.

अव्वा एक दिवस ओट्याजवळ आल्या, जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघ, सोमवारी महाराज येणार हायत घरी पूजेला. चार माणसं येतील. स्वयंपाकाला आचारी सांगितलाय मी. तू राहू दे."

"मी राहू दे म्हणजे?"

"तुझा हात उष्ण पडतो गं. अप्पांना सोसंना, त्या पोरीला सोसंना. महाराजांना काय झालं तर? आन् डबे बी या महिनाअखेरीला बंदच कर. लोकं नावं ठिऊन राहिले."

तिखट जीभ, तिखट जीभ म्हणून मिरवते, पण त्या वेळी शब्द आला नाही. लई लागलं मला. रात्री ह्यांना सांगितलं तर म्हणाले, थोडे दिवस विश्रांती घे. विश्रांती! जणू मी मागितली होती.

सोमवारी महाराज आले. आमच्या तालुक्याकडच्या एका मठातले, वयस्कर, हडकुळे, चेहऱ्यावर कायम थोडं हसू. बैठक झाडून पुसून लख्ख केली होती. सतरंज्या अंथरल्या, आणि महाराजांच्या आसनाला काय, तर घोंगडी. घरातली सगळ्यात शुद्ध वस्तू. त्यावर पांढरी चादर. मांजरीला आणि पिल्लांना त्या दिवशी गच्चीवर कोंडलं होतं. म्हणजे घोंगडीतल्यांची नेहमीची सोय बंद, हे लक्षात घ्या.

पंधरा-वीस माणसं बसली. पहिल्या रांगेत अप्पा, त्यांच्यामागं बायकांत गल्लीच्या तोंडाच्या काकू. मी स्वयंपाकघराच्या दाराशी. पूजेआधी कोणी काही खात नाही. कडक पाळणारे पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि त्या दिवशी महाराजांसमोर सगळेच कडक होते. लिंग तळहातावर घेतलं, मंत्र झाले, आणि बैठक शांत झाली.

पाच मिनिटं बरी गेली. मग पहिल्या रांगेतल्या एका अडत्याचा पाय हळूच हलला. मग त्यानं दुसऱ्या पायानं पहिला पाय घासला. शेजारच्यानं डोळे न हलवता खांदा झटकला. काकूंनी पदर सारखा करायचं निमित्त केलं आणि पदराआडून मनगट खरडलं. हळूहळू सगळी बैठक चुळबुळायला लागली, पण एकेकाचा डावा हात मात्र जागचा हलत नव्हता, आणि एकजण दुसऱ्याकडं बघत नव्हता. सगळ्यांची नजर लिंगावर. सगळ्यांचं लक्ष पोटरीवर. महाराजांच्या भुवया एकदाच वर गेल्या आणि खाली आल्या. फक्त अप्पा दगड. त्यांच्या मानेवरून काहीतरी बारीक काळं उडून कानामागं गेलं ते मी दारातून बघितलं. मला वाटलं, नजरेचा भास. अप्पा हलले नाहीत.

पूजा संपली, आरती झाली, आणि काकूंनी हात पुढं केला. मनगटावर तीन ठिपके, एका ओळीत.

"बघा! तुमच्या घरचं पित्त आमच्या बी अंगावर."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं. आता मात्र माझी जीभ जागेवर आली.

"काकू," मी म्हणाले, "तुम्ही अजून या घरात चहाचा घोट घेतला न्हाई. सकाळपासून उपाशी हाव ना? आन् आज तर मी चुलीजवळ सुद्धा गेले न्हाई, आचारी करून राहिला. मग माझ्या हातचं तुम्हाला बाधलं कुठून?"

मला वाटलं, सुटले मी. काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, "वास तर लागतो की गं. रोजच्या फोडणीचा वास भिंतीत मुरलेला असतो."

आणि बायकांनी माना डोलावल्या! माझ्या फोडणीच्या वासानं पंधरा माणसांच्या पायांवर गांधी उठल्या, हे त्यांना पटलं. मी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला.

महाराज निघताना अप्पा त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं होते. महाराज चप्पल घालता घालता हळूच म्हणाले, "अप्पा, ती घोंगडी उन्हात टाका." अप्पांनी मान खाली घालून "हाव" म्हटलं. बस, एवढंच.

मी आत गेले. चादर उचलली. पांढऱ्या चादरीवर काळ्या तिळाएवढं काही होतं, ते उडालं. मी बोट ओलं करून दाबलं, नखावर घेतलं, आणि वर पळाले. हिमायतनगरची पोरगी पुस्तकात होती. तिनं माझ्या नखाकडं बघितलं, आणि बघता बघता तिचा चेहरा उजळला.

"काकू, ही तर पिसू! हिचं शास्त्रीय नाव सांगू?"

"नको माय," मी म्हणाले. "मला एवढंच बास झालं."

मांजरीला पिशवीत घालून मी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. ह्यांनी जाताना सांगितलं होतं, कशाला जातेस, खताच्या दुकानातून म्हशीच्या गोचिडाचं औषध आणतो, ते लावू. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई ते ऐकून खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, ते मांजरीला लावलं तर मांजर जिवानिशी जाईल. मग त्यांनी तिची लव मागं सारून खसखशीसारखी काळी कणी दाखवली, ती ओल्या कापसावर ठेवली. कापूस लाल झाला. "हे हिचंच रक्त, पिसवांनी पिऊन बाहेर टाकलेलं." मला वाटलं होतं, आम्ही लावलेला गेरूच सुटला. मांजरीच्या मानेवर टाकायचं औषध दिलं, पिल्लं लहान म्हणून त्यांना औषध नाही, बारीक दातांच्या फणीनं विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. अंथरुणं उकळत्या पाण्यात, कानाकोपरा रोज झाडायचा, आणि महिनाभर सोडायचं नाही, कारण अंडी मागाहून फुटतात. "आणि माणसांनी खाजवू नका. थंड पाण्याची पट्टी ठेवा. खाण्याचा काही संबंध नाही."

ते शेवटचं वाक्य मी त्यांना कागदावर लिहून मागितलं. त्या हसल्या. मी हसत नव्हते.

घरी येऊन मी सांगितलं. अव्वांचा चेहरा पडला, पण पित्तावरून त्या पिसवांवर यायला पाव मिनिट लागलं नाही. "मी तर पहिल्या दिवसापासनं म्हणत व्हते, मांजर नको." हे त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. मग त्यांनी आवाज उतरवला. "पर बाहेर बोलू नको. आपल्या घरात पिसवा म्हणल्यावर लोकं काय म्हणतील? घर हाय का गोठा? इभ्रतीचा सवाल हाय. पित्त म्हणून ऱ्हाऊ दे."

"आणि माझे डबे?"

"ते बघू पुढं."

म्हणजे घोंगडी उकळली, गच्चीवर वाळली, आतल्या आत सगळा बंदोबस्त झाला, अप्पांच्या अंगावर नवे ठिपके उठायचे थांबले. आणि गल्लीत मी अजूनही उष्ण हाताची. नऊ डब्यांचे सात झाले.

चार दिवसांनी दुपारी मी मागच्या पायरीवर बसून पिल्लांना विंचरत होते. अप्पा खुर्ची घेऊन शेजारी आले. बराच वेळ फणीतून पिसू काढून वाटीत टाकताना बघत राहिले.

"जुन्या गोदामात लई असायच्या," ते म्हणाले. "पोत्यावर निजायचो आम्ही. पाय असेच व्हायचे. तीन-तीनच्या ओळीत."

माझा हात थांबला.

"अप्पा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

ते पिल्लाकडं बघत होते. "पहिल्याच दिवशी वळखलं व्हतं."

"मग बोलला न्हाई का? एक शब्द?"

"काय बोलू? अमक्याच्या घरात पिसवा झाल्या म्हणायचे लोकं. पूजेचं घर आपलं." मग, जसं काही माझी समजूत घालत असावेत तसं, "पित्त काय, कोनाला बी होतं बाई."

मी काय सांगू मला काय झालं ते! हा माणूस महिनाभर गेरू फासून घोंगडीत बसला, चावे सोसले, दुधी भोपळा खाल्ला, पंधरा माणसांदेखत मानेवरून पिसू उडाली तरी हलला नाही. सगळं सोसलं. फक्त एक शब्द उच्चारायचा होता, तो सोसला नाही. घरात पिसवा आहेत, हे सांगायचं नाही म्हणून घरातली सून चांगलं शिजवत नाही, हे चालू दिलं. त्यांनी माझ्यावर राग धरून केलं नाही, हे मला कळत होतं. त्यांनी दोन्ही तोललं असेल आणि मी हलकी भरले. मला राग यायचा होता तेवढा आला, आणि तो मी गिळला नाही.

"अप्पा," मी म्हणाले, "उद्या सकाळी पोरं डबे न्यायला येतील तेव्हा तुम्ही दारात खुर्ची टाकून बसायचं. धोतर गुडघ्यापर्यंत वर. कोणी विचारलं की खरं सांगायचं. न्हाईतर परवापासून या घरात मी कोणालाच जेवू घालणार न्हाई. तुम्हाला बी न्हाई. उष्ण हात हाय माझा."

अप्पा उठून आत गेले. होही नाही, नाहीही नाही.

सकाळी मी सात डबे भरले. मला माहीत होतं की ते बसले नाहीत तर मला माझा शब्द पाळावा लागेल. तेवढ्यात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. अप्पा दारात बसले, धोतर वर, पाय उघडे, घोट्यांवर अजून डाग. पहिला आला तो डब्याचा वास घेणारा पोरगा. त्याच्यामागं, आमच्या दारात काय चाललंय ते बघायला, गल्लीच्या तोंडाच्या काकू.

"अप्पा, उतरलं न्हाई का पित्त अजून?" काकूंनी विचारलं.

मी आतून बघत होते. अप्पांच्या मांडीवरच्या हाताची बोटं वळली, उघडली, परत वळली. खांदा हलला. मग पाय खुर्चीखाली ओढून घेतला, परत पुढं केला. महाराजांपुढं जो माणूस पापणी न हलवता बसला होता, तो एका शाळकरी पोरापुढं खुर्चीत चुळबुळत होता.

"पित्त न्हाई," शेवटी ते म्हणाले. एकदा खाकरले आणि मग दुकानात भाव सांगायचे त्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पिसवा. घरात पिसवा झाल्या व्हत्या आमच्या. तुम्हाला बी त्याच चावल्या त्या दिवशी. सुनेच्या हाताला काय सुदीक झालेलं न्हाई."

काकूंचा हात आपोआप मनगटाकडं गेला. पोरगा एकदा त्यांच्याकडं, एकदा अप्पांच्या पायाकडं बघत राहिला.

"काय बघतूस?" अप्पा म्हणाले. "घे डबा. आन् आत सांग, मला बी वाढा म्हणावं. तुरीचं वरण. चिंच घालून."